अरल : एका नावाचं आणि त्यावरच्या मतांचं पूर्ण प्रकरण

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना चालू होता तेव्हा एकदा रात्री अकराला तिचा फोन आला, "ताई झोपलीस का, एक विचारायचंय, खरं खरं सांग, माझं मन राखायला म्हणून काही बोलू नकोस." माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं तब्येतीचं काही झालं की काय. पण विषय बाळाच्या नावाचा होता. मुलगा होवो नाहीतर मुलगी, दोघांनी मिळून एकच नाव ठरवलं होतं, अरल.

कानाला मला ते लगेच आवडलं. सरल, विरल, तरल अशा शब्दांच्या रांगेत कुठेतरी बसेल असं वाटलं. मी विचारलं संस्कृत आहे का गं, तर म्हणाली नाही, अरल समुद्र, मध्य आशियातला, तो सुकलेला. आणि मग मी जे गप्प झाले ते तिला कळलंच. म्हणाली, "बघ, तू पण गप्प झालीस. सगळे इथेच गप्प होतात."

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण एखाद्या जागेवरून बाळाचं नाव ठेवायचा विचार करणारे आता बरेच भेटतात, आणि त्यांना मतं मिळतात ती दोनच प्रकारची, एक तर "वॉव किती युनिक" नाहीतर "हे काय भलतंच". दोन्हींचा काडीचा उपयोग नसतो. आमच्या घरी मात्र सात-आठ आठवडे या एका नावावर खल झाला, प्रत्येक मतामागे काय आहे ते मी बसून तपासलं, आणि सुरुवातीला मी विरोधात होते हे पण सांगते.

नाव आलं कुठून

बहीण आणि तिचा नवरा दोघंही सॅटेलाइट इमेज वाचायचं काम करतात. त्यांची ओळखच या अरलवर झाली. दर वर्षीच्या इमेजवर पाण्याची कड कुठपर्यंत आली ते आखायचं, मागच्या वर्षीच्या कडेशी ताडून बघायचं, किती सरकली ते लिहायचं, असं काम दोघांनी शेजारी शेजारी बसून दोनेक वर्षं केलं. ती एकदा सांगत होती की अमुक एका खाडीचा आकार मला डोळे मिटून काढता येतो पण आमच्या सोसायटीचा नकाशा विचारशील तर येणार नाही.

तर तो समुद्र म्हणजे खरं तर खाऱ्या पाण्याचं अवाढव्य तळं. १९६० च्या सुमारास त्याचं क्षेत्रफळ जवळपास ६८,००० चौरस किलोमीटर होतं आणि जगातल्या सरोवरांत त्याचा चौथा नंबर लागायचा. त्याला पाणी पुरवणाऱ्या नद्या दोन, अमू दर्या आणि सिर दर्या. सोव्हिएत काळात या दोन्ही नद्यांचं पाणी वाळवंटात कापूस पिकवायला कालवे काढून वळवलं, त्यातले कितीतरी कालवे कच्चे, निम्मं पाणी वाटेतच जिरायचं, आणि तळ्यापर्यंत पोचणारं पाणी कमी कमी होत गेलं. १९८७ मध्ये तळ्याचे दोन तुकडे झाले, उत्तरेचं छोटं अरल आणि दक्षिणेचं मोठं अरल. मुयनाक नावाचं जे मासेमारीचं बंदर होतं तिथे आता गंजलेली जहाजं वाळूत उभी आहेत आणि पाणी शंभर किलोमीटरच्याही पलीकडे गेलंय. २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या भागाचा पूर्वेकडचा तुकडा पूर्ण कोरडा पडलेला नासाच्या इमेजमध्ये दिसला. जिथे पाणी होतं तिथे आता अरलकुम नावाचं वाळवंट आहे, आणि त्या तळावरची मिठाची, खतांची, कीटकनाशकांची धूळ वाऱ्याबरोबर आसपासच्या वस्त्यांवर जाऊन पडते.

हे सगळं माहीत असून ही पोरगी म्हणते बाळाचं नाव अरल. मला तेव्हा खरंच कळेना.

कोण काय म्हणालं

आईचं मत सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात स्पष्ट. तिने नाव ऐकलं, दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि म्हणाली, "गरळशी यमक जुळतंय. शाळेत पोरं पहिल्याच दिवशी अरल गरळ करतील." हे मला सुचलंच नव्हतं. मोठ्यांना आपण म्हणतो की त्यांना नवीन काही नकोच असतं, पण आईने जो मुद्दा काढला तो आमच्यापैकी कुणीच काढला नव्हता, कारण तिच्या कानात मराठी मुरलेली आहे आणि आम्ही सगळे गूगलवर अर्थ शोधत बसलो होतो. समुद्राची गोष्ट कळल्यावर तिने दुसरं वाक्य टाकलं, "वाळलेल्या पाण्याचं नाव लेकराला?" आणि गप्प झाली, परत विषय काढला नाही, पण मला माहितीये की ते तिला आतून लागलं होतं. नावात आपण आशीर्वाद घालत असतो, शकुन-अपशकुन मानत नसलेला माणूससुद्धा बाळाला रडका शब्द चिकटवत नाही, त्यामुळे हा आक्षेप जुनाट म्हणून मी झटकू शकले नाही.

बहिणीच्या सासूबाईंचं उलट झालं. त्या विरोध करतील असं आम्ही गृहीत धरून चाललो होतो, पण त्यांचं स्वतःचं नाव एका नदीचं आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या नदीला पण उन्हाळ्यात पाणी नसतं, म्हणून मी काय नाव बदलू?" मात्र त्यांनी एक प्रश्न विचारला, की तुम्ही दोघं तिथे गेला आहात का? नाही, दोघंही कधीच गेलेले नाहीत. हा प्रश्न बहिणीला टोचला, ते मी फोनवर ओळखलं.

बहिणीचा दीर सगळ्यात चौकस. त्याने एक रात्र बसून शोधाशोध केली आणि आणून समोर ठेवलं की त्या समुद्रात वोझ्रोझ्देनिया नावाचं बेट होतं, नावाचा अर्थ पुनर्जन्म, आणि सोव्हिएत लष्कर तिथे जैविक अस्त्रांच्या चाचण्या घ्यायचं. पाणी आटत गेलं तसं ते बेट पुढे जमिनीला जोडलं गेलं. तो म्हणाला, वहिनी, बाळ मोठं झाल्यावर स्वतःच्या नावाचा सर्च करणारच आहे, त्याला पहिल्या पानावर गंजलेली जहाजं दिसतील आणि जरा खाली गेलं की हे. तुम्ही त्याला आधी सांगितलेलं असणार की ते इंटरनेटवर वाचणार?

मला विचाराल तर सगळ्या मतांमध्ये हा प्रश्न सगळ्यात वजनदार होता. त्याने हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही, पण पुढचं काम काय आहे ते नेमकं दाखवून दिलं.

मैत्रिणींच्या ग्रुपवर नाव टाकलं तर बदाम, टाळ्या, "किती क्यूट", "कुणाचंच नसेल असं नाव". यातल्या एकीनेही विचारलं नाही की अरल म्हणजे काय. कौतुक करणाऱ्यांबद्दल माझा राग नाही, पण गरोदर बाईला कुणी सरळ तोंडावर नाही म्हणत नसतं, त्यामुळे त्या होकाराच्या जोरावर काही ठरवू नये एवढं मी बहिणीला ठासून सांगितलं. ज्याने प्रश्न विचारला त्याचं मत धरायचं, ज्याने नुसता बदाम पाठवला त्याचं प्रेम घ्यायचं आणि पुढे जायचं.

आणि एक मत आलं तिकडूनच. तिच्या त्या जुन्या कामातली एक कझाक सहकारी होती, तिला बहिणीने भीत भीत विचारलं की आम्ही बाहेरच्यांनी हे नाव घेतलं तर तुला खटकेल का. ती म्हणाली, आमच्या भाषेत अरल म्हणजे बेट, साधा शब्द आहे, तुम्ही नुसता सुकलेला समुद्र का धरून बसलात? तळ्यात शेकडो बेटं होती म्हणून ते बेटांचं तळं. वाईट जे घडलं ते तळ्याच्या बाबतीत घडलं, शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मात्र हेही म्हणाली की फक्त छान वाटतं म्हणून ठेवत असशील तर नको ठेवूस, माझ्या आजोबांच्या पिढीने तिथे होड्या सोडून दिल्यात.

मी काय काय तपासलं

मला नुसत्या मतांवर समाधान वाटेना, मग मी माझ्या परीने एकेक गोष्ट बघायला लागले.

आधी उच्चार. शेजारच्या खोलीतून हाक मारून बघितली, "अरल, ए अरल", हाक नीट जाते, शेवटी ल असल्यामुळे जरा बुडते पण पहिला अ मोकळा आहे. मग विभक्ती लावून बघितली, हे फार कमी लोक करतात आणि करायला हवं. अरलचा डबा, अरलने सांडलं, अरलला बोलाव. "अरलला" म्हणताना जीभ थोडी अडखळते, पण अनिलला, कमलला, विमलला आपण आयुष्यभर म्हणतच आलोय, तेव्हा ते चालून जाईल. आइसलँडमध्ये तर यासाठी १९९१ पासून सरकारी नामकरण समिती आहे, यादीत नसलेलं नवं नाव ठेवायचं तर समिती बघते की त्याला आइसलँडिक भाषेचे प्रत्यय लागतात का, लिहायच्या पद्धतीत बसतं का आणि मोठेपणी त्या माणसाला त्या नावाचा त्रास तर होणार नाही ना. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती दादागिरी वाटली होती, पण हे प्रश्न घरातल्या घरात आई-बापांनी स्वतःला विचारायला काहीच हरकत नाही. आपली समिती म्हणजे आपली आईच, गरळ तिनेच पकडलं.

मग फोनची परीक्षा. ओळखीतल्या दहा-बारा जणांना फोन करून म्हटलं मी एक नाव सांगते, ऐकलंत तसं लिहून पाठवा. अटल आलं, अमल आलं, आरल आलं, एकाने आरव लिहिलं आणि वर म्हणाला आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत. बरोबर लिहिणारे निम्म्याहून कमी निघाले. म्हणजे या बाळाला आयुष्यभर "अ, र, ल" असं सुटं करून सांगावं लागणार हे नक्की. पण हा त्रास फक्त जागेवरच्या नावाचा नाही, कुठल्याही अनोळखी नावाचा आहे, आणि तीन सुट्या अक्षरांचं नाव असल्यामुळे एका दमात सांगून होतं. जोडाक्षरांचं लांबलचक परदेशी नाव असतं तर मी इथेच हात टेकले असते.

दुसऱ्या भाषांत काय, हे पण बघितलं. तुर्कीत अरल हे मुलाचं नाव आहे आणि आडनाव म्हणूनही चालतं. जर्मनीत अरल नावाचे निळे पेट्रोलपंप आहेत, तो शब्द ॲरोमॅटिक आणि ॲलिफॅटिक या दोन प्रकारच्या हायड्रोकार्बनच्या नावांतून जुळवलाय, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी बोलणारा माणूस बहुधा ॲरल म्हणेल. घाण, शिवी, लाजिरवाणं असं मला कुठे सापडलं नाही, आणि हे बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण एका भाषेतलं गोड नाव दुसऱ्या भाषेत तोंडातून काढता येत नाही अशी वेळ येऊ शकते.

आता खरा प्रश्न, जागेची गोष्ट. इथे मी बराच वेळ अडकले.

माझा पहिला युक्तिवाद असा होता की अर्थ चांगला असला म्हणजे झालं, बेट, किती सुंदर. पण लोकांच्या मनात अर्थ बसत नाही, गोष्ट बसते. सियाचीन बघा ना, बाल्टी भाषेत त्याचा अर्थ रानगुलाबांची जागा असा सांगतात, पण मुलीला ते नाव ठेवलंत तर ऐकणाऱ्याला गुलाब दिसणार आहेत का? आपल्याकडचं उदाहरण तर ढळढळीत आहे. कौसल्या म्हणजे कोसल देशाची, कैकेयी म्हणजे केकय देशाची, वैदेही विदेहाची, मैथिली मिथिलेची, गांधारी गांधार देशाची, पांचाली पांचालाची, माद्री मद्र देशाची. म्हणजे जागेवरून बाईचं नाव हे आपल्याला दोन हजार वर्षांपासून अंगवळणी पडलंय, फक्त ते जागेचं आहे हे आपण विसरून गेलोय. आता यातलं वैदेही, मैथिली, कौसल्या आपण हौसेने ठेवतो आणि कैकेयी कुणी ठेवत नाही. शब्दाची घडण तीच आहे, देशाचं नाव आणि त्यापुढे प्रत्यय. फरक पडला तो त्या बाईच्या गोष्टीने. त्यामुळे अरलचा अर्थ बेट आहे एवढ्यावर मी स्वतःला पटवू शकले नाही, गोष्ट बघावीच लागणार होती.

त्यातून मी आधी जागेवरून नाव पडलेल्या माणसांकडे वळले. फ्लोरेन्स नाइटिंगेलचं सगळ्यांना माहीत असतं, १८२० मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात जन्मली म्हणून ते नाव. पण तिला एक मोठी बहीण होती, १८१९ ला नेपल्समध्ये जन्मलेली, आणि आई-बापांनी त्याच न्यायाने तिचं नाव ठेवलं पार्थेनोपी, कारण त्या जागी पूर्वी असलेल्या ग्रीक वसाहतीचं ते नाव. आई-बाप तेच, डोकं तेच, हौस तीच. धाकटीचं नाव जगभर मुलींना ठेवलं गेलं आणि मोठीचं तिथल्या तिथे राहिलं. मला हे वाचून हलकं वाटलं. नाव किती पुढे जाईल ते पाळण्यातल्या बाळाच्या हातात असतं आणि बराचसा भाग नशिबाच्या, आई-बापांनी जागा किती विचार करून निवडली त्यावर ते ठरत नाही.

रुडयार्ड किपलिंगचं तर आमच्या प्रकरणाशी फारच जुळतं. तो जन्मला मुंबईत १८६५ साली, पण नाव पडलं इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमधल्या रुडयार्ड तलावावरून, कारण आई-बापांच्या प्रेमाच्या दिवसांतला तो तलाव. तो तलावही नैसर्गिक नव्हे, कालव्यांना पाणी पुरवायला बांधलेला. उलट दिशेने बघायचं तर क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्सची मुलगी २०१५ मध्ये मुंबईत जन्मली आणि त्याने तिचं नाव इंडिया ठेवलं. एकाने दूरच्या पाण्याचं नाव घेतलं, एकाने बाळ जिथे जन्मलं त्या देशाचं. दोन्हीकडे जागेशी काहीतरी धागा आहे. मग मला सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटलं. बहीण तिथे गेली नसेल, पण ज्या जागेकडे दोन वर्षं रोज आठ तास बघितलं, जिची कड स्वतःच्या हाताने दर वर्षासाठी आखली, ती जागा तिची कुणीच नाही असं म्हणता येईल का? सुट्टीत चार दिवस राहून फोटो काढून आलेल्या माणसापेक्षा हिचा धागा मला तरी जाड वाटतो.

एक आणखी गोष्ट डोक्यात घोळत होती. जागा जिवंत असते, ती बदलत राहते, आणि नाव मात्र जन्मदाखल्यावर थिजतं. कझाकस्तानची राजधानी अस्ताना, २०१९ मध्ये तिचं नाव नूर-सुल्तान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना. दुसरीकडे असंही होतं की आज सुंदर वाटणाऱ्या शहराचं नाव उद्या युद्धाच्या बातमीत येतं आणि त्या नावाच्या लेकराला लोक विचित्र नजरेने बघायला लागतात. मग मी बहिणीला म्हटलं की तुझ्या अरलचं वाईट व्हायचं ते होऊन गेलंय, यापुढे काय होईल?

तिने तेव्हा मला ती दुसरी गोष्ट सांगितली, जी मला माहीतच नव्हती आणि माझ्या मते निम्म्या जगाला माहीत नसावी. उत्तरेच्या छोट्या अरलमध्ये सिर दर्याचं पाणी येऊन दक्षिणेकडे वाहून जायचं आणि वाळूत जिरायचं. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने तिथे मध्ये एक बांध घातला, कोक-अरल बांध, साधारण तेरा किलोमीटर लांब, २००५ मध्ये पुरा झाला. पाणी अडलं. अंदाज होता त्याच्या कितीतरी आधी पातळी समुद्रसपाटीपासून ४२ मीटरपर्यंत आली, खारटपणा उतरला, आणि जे मासे तिथून नाहीसे झाले होते ते नदीतून परत आले, मासेमारी परत सुरू झाली. कोक-अरल म्हणजे निळं बेट. दक्षिणेचं अरल मात्र गेलं ते गेलंच, आणि उत्तरेचं पाणी अडवल्यामुळे दक्षिणेला जाणारं थोडंफार पाणी पण थांबलं, हेही तिने लपवलं नाही.

ती म्हणाली, "ताई, बाळाला सांगायला याहून खरी गोष्ट कुठली आहे? माणसांनी घालवलं, आणि थोडंसं माणसांनीच परत आणलं. मी त्याला फक्त परत आलेलं सांगणार नाही आणि फक्त गेलेलंही सांगणार नाही."

माझा विरोध इथे संपला. गोष्ट दुःखी आहे की आनंदी, हे मी तोपर्यंत मोजत बसले होते. पण दिराने जे विचारलं होतं, आधी तुम्ही सांगणार की इंटरनेट, त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, तपशिलासकट. ज्या आई-बापांना जागेचं नाव हवंय पण जागेत काय घडलं ते नकोय, त्यांना मी आजही सांगेन की दुसरं नाव शोधा. फोटो आवडला, शब्द गोड वाटला आणि ठेवलं, तर पंधरा वर्षांनी तुमची मुलगी तुम्हाला विचारेल आणि तुम्ही तिच्यासमोर सर्च करत बसाल.

ठरलं काय आणि पुढे काय झालं

मुलगी झाली. नाव अरल. आईला बहिणीने बाळ मांडीवर देऊन सगळी गोष्ट सांगितली, बांधाची पण, आई ऐकत होती आणि बाळाच्या पायाची बोटं चोळत होती, शेवटी म्हणाली, "बेट म्हणायचं ना हिला? मग बरंय, बेट बुडत नाही." ती घरात अरू म्हणते, तिला हवा होता तो गोडवा तिने स्वतःच काढून घेतला. गरळवाला धोका तिच्या डोक्यातून गेलेला नाही, माझ्याही नाही, खरी शाळा अजून पुढे आहे.

अडचणी ज्या वाटल्या होत्या त्या आल्याच. लसीकरणाच्या कार्डावर पहिल्या खेपेला अटल लिहून आलं, खोडून वर लिहून घ्यावं लागलं, आणि एका फॉर्मवर मुलगा म्हणून नोंद झाली. अगदी सुरुवातीला कुणी अर्थ विचारला की बहीण समुद्रापासून सुरुवात करायची, नद्या, कापूस, जहाजं, समोरचा माणूस औषधाची चिठ्ठी हातात धरून ऐकत उभा आणि मागे रांग. सहा महिन्यांत ती दमली. मग त्या दोघांनी ठरवलं की बाहेर एक शब्द, "बेट", बास, आणि ज्याला पुढचं ऐकायचंय तो विचारेल, त्याला सगळं सांगायचं. हे आधीच ठरवून ठेवायला हवं होतं असं ती म्हणते. कुणी असं नाव ठेवणार असेल तर माझा पण हाच आग्रह राहील, एका शब्दाचं उत्तर पाळण्यात बाळ येण्याआधी तयार ठेवा.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. तिला र म्हणता येत नाही, "मी अलल" असं सांगते. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या नकाशाखाली दोघी बसल्या होत्या, आणि तिने विचारलं अलल कुठेय. बहिणीने तिचं बोट धरून वरच्या निळ्या ठिपक्यावर ठेवलं, "हे बघ, हे तुझं." मग बोट तसंच धरून सावकाश खाली आणलं, पिवळट कोऱ्या जागेवर, "इथे पण होतं पाणी."

"कुठे गेलं?"

मला वाटलं आता ही विषय बदलेल. पण तिने शांतपणे सांगितलं, "कापसाच्या शेतात गेलं."

"कापूस म्हणजे?"

"तुझा फ्रॉक आहे ना, तो कापसाचा असतो."

पोरीने खाली बघितलं, फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी गोळा केला, घट्ट दाबला, पिळला, आणि तळवे उघडून आम्हाला दाखवले.

"पाणी नाहीये," ती म्हणाली, आणि परत पिळायला लागली.